हायकूकार बाशो

इ. स. १६४४ मध्ये, म्हणजे इकडे शिवाजी महाराज १४ वर्षांचे होते त्या सुमारास, जपानातील इगा प्रांतात उएनो नावाच्या एका लहानशा किल्ल्याच्या गावी एका मुलाचा जन्म झाला. त्याचे लहानपणचे नाव किन्साकू. मोठेपणी त्याला मुनेफुसा म्हणू लागले. पुढे त्याने आणखी दोन-तीन नावे घेतली आणि टाकली. पण जगाने त्याला ओळखले ते मात्सुओ बाशो या नावाने. बाशो या जपानी शब्दाचा अर्थ केळ असा आहे. हे नाव एका थोर कवीला कसे मिळाले, हे पुढे येईलच.

बाशोचा काळ आपल्याकडे मोठ्या धामधुमीचा होता. तो सहा वर्षांचा असताना, १६५० मध्ये, देहूच्या तुकोबांनी जगाचा निरोप घेतला. तो तीस वर्षांचा असताना रायगडावर राज्याभिषेक झाला. जपानात मात्र त्या वेळी तोकुगावा घराण्याची सत्ता स्थिर झाली होती आणि शतकभर चाललेली यादवी थांबली होती. सामुराई वीरांच्या कमरेला तलवारी होत्या, पण त्या उपसण्याचे प्रसंग क्वचित येत. शहरांतून व्यापार वाढला होता. दुकानदार, वैद्य, पुजारी, कारागीर लिहू-वाचू लागले होते, आणि फावल्या वेळी चारचौघांनी जमून कविता रचणे ही त्यांची आवडती करमणूक होऊन बसली होती.

ही कविता एकट्याने करावयाची नसे. बैठकीतील पहिला कवी सतरा अक्षरांचे कडवे म्हणे. दुसरा त्याला चौदा अक्षरांची जोड देई. तिसरा पुन्हा सतरा अक्षरांचे कडवे जोडी. अशी ही साखळी छत्तीस, कधी शंभर कडव्यांपर्यंत लांबत जाई. आपल्याकडे भेंड्या लावताना मागच्याने सोडलेले अक्षर पुढच्याने उचलावे लागते. तिकडे अक्षराऐवजी अर्थाचा धागा उचलावा लागे. या साखळीकाव्याला हायकाई म्हणत. तिचे पहिले कडवे सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यावर पुढची सारी बैठक उभी राहावयाची. त्या कडव्यात पाच, सात आणि पाच असे तीन तुकडे असत, चालू ऋतूची खूण असे, आणि मध्येच एक थांबा असे, की ज्याच्या अलीकडे एक चित्र आणि पलीकडे दुसरे. हेच पहिले कडवे पुढे साखळीतून सुटले आणि स्वतंत्र कविता म्हणून नांदू लागले. त्याला हायकू हे नाव रूढ केले ते मासाओका शिकी या कवीने, बाशोनंतर दोनशे वर्षांनी. बाशोने जन्मभर हायकू रचले, पण हायकू हा शब्द त्याच्या कानी बहुधा पडलाच नसेल.

बाशोचे घराणे नावाला सामुराई, पण परिस्थिती बेताची. तो बारा वर्षांचा असतानाच वडील वारले. पुढे उएनोच्या किल्लेदार तोदो घराण्यात त्याला चाकरी मिळाली. ती स्वयंपाकघरातील होती असे म्हणतात. तेथील धनीपुत्र योशितादा हा त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठा, आणि कवितेचा मोठा षोकी. धनी आणि चाकर यांच्यामधील अंतर त्या काळी किती मोठे असे, हे सांगावयास नको. परंतु कवितेच्या नादाने ते अंतर मिटले आणि दोघे जिवलग मित्र झाले. क्योतो शहरातील कितामुरा किगिन नावाच्या विद्वान गुरूकडून दोघांनी धडे घेतले. १६६४ मध्ये बाशोची दोन कडवी एका संग्रहात छापून आली. वीस वर्षांच्या खेड्यातील मुलाला त्याचा केवढा आनंद झाला असेल!

ती सुरुवातीची कविता आज वाचली तर काय दिसते? शब्दांचे खेळ. एका शब्दाचे दोन अर्थ, जुन्या काव्यातील एखाद्या प्रसिद्ध ओळीची थट्टा, चतुर कोटी. त्या काळी चांगला कवी तोच, जो ऐकणाऱ्याला चकित करील. नवशिक्या बाशोनेही तेच केले आणि उत्तम केले. त्याला दोष देण्याचे कारण नाही. हाताला कुंचल्याची आणि कानाला अक्षरांच्या मापाची सवय याच खेळातून झाली.

१६६६ मध्ये योशितादा अचानक मरण पावला. त्याचे वय अवघे चोवीस-पंचवीस. मित्र गेला, आणि त्याच्याबरोबर बाशोचा त्या वाड्यातील आधारही गेला. पुढील पाच-सहा वर्षे त्याची कडवी निरनिराळ्या संग्रहांतून छापून येत राहिली. १६७२ मध्ये त्याने आपली व इतरांची कडवी जोडीजोडीने मांडून, प्रत्येक जोडीत सरस कोणते याचा निवाडा देणारे एक छोटे पुस्तक तयार केले, ते गावातील देवळात अर्पण केले आणि एदो शहराची वाट धरली. एदो म्हणजेच आजचे टोकियो.

एदोमध्ये त्याने काही वर्षे शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर नोकरी केली. कवी म्हणूनही त्याचा जम बसत गेला. होतकरू लोक आपली कडवी त्याच्याकडे तपासावयास आणीत. तो त्यांवर खुणा करी, गुण देई आणि त्याचा मोबदला घेई. या दिवसांत त्याने स्वतःसाठी तोसेई हे नाव घेतले होते. चीनच्या ली बो या महाकवीच्या नावाचा अर्थ पांढरा आलुबुखार असा होतो. त्याच्यावरून बाशोने स्वतःला हिरवे, म्हणजे अजून न पिकलेले पीच म्हणवून घेतले. ज्याच्याकडे पुष्कळ शिष्य येतात, अशा गुरूने स्वतःला कच्चे फळ म्हणवावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १६८० मध्ये त्याच्या वीस शिष्यांच्या कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. आता सुखाने बसून गुण द्यावेत आणि पैसे मोजावेत, एवढेच काय ते उरले होते.

नेमके त्याच वर्षीच्या हिवाळ्यात त्याने ते सारे सोडले. वय वर्षे ३६. शहराची गजबज टाकून तो सुमिदा नदीच्या पलीकडे फुकागावा नावाच्या ओसाड वस्तीत एका झोपडीत राहावयास गेला. कडवी तपासून पैसे घेण्याचा धंदा त्याने बंद केला. शिष्य प्रेमाने जे तांदूळ आणून देतील त्यावर गुजराण करू लागला. त्याला असे का वाटले असावे? माझ्या मते उत्तर त्याच्या नंतरच्या कवितेतच आहे. शब्दांची चलाखी त्याला आता साधली होती, आणि साधलेली गोष्ट त्याला पुरेशी वाटत नव्हती. ज्या कवितेला टाळ्या मिळतात ती, आणि जी आपल्याला खरी वाटते ती, या दोहोंमध्ये फट पडली होती. फुकागावाच्या झोपडीत हा नामांकित गुरू पुन्हा श्रीगणेशा गिरवावयास बसला. जवळच राहणाऱ्या बुच्चो नावाच्या झेन साधूकडे तो ध्यानही शिकू लागला.

१६८१ मध्ये एका शिष्याने त्या झोपडीपाशी केळीचे एक रोप आणून लावले. आपल्याकडे केळ म्हणजे किती उपयोगाची वस्तू! लग्नमांडवाला तिचे खांब, सत्यनारायणाच्या चौरंगाला तिचे खुंट, पंगतीला तिची पाने. आणि बुलढाण्याचा घाट उतरून खानदेशाकडे गेले, की मैलोगणती तिच्याच बागा. पण एदोच्या थंड हवेत त्या केळीला खाण्याजोगे फळ धरत नसे. खोड म्हणावे तर लाकूड नाही. पाने तेवढी मोठमोठी, तीही वाऱ्याने फाटून चिंध्या होणारी. कोणाच्या कामाचे नसलेले आणि वाऱ्यापावसाला सहज फाटणारे हे झाड बाशोला आपलेसे वाटले. लोक त्या झोपडीला केळीची झोपडी म्हणू लागले आणि हळूहळू झोपडीतल्या माणसालाही तेच नाव पडले. त्यानेही ते आनंदाने स्वीकारले.

झोपडी फार दिवस टिकली नाही. १६८२ च्या अखेरीच्या हिवाळ्यात एदोमध्ये मोठी आग लागली, तीत ती जळून गेली. पाठोपाठ, १६८३ मध्ये, इगाहून आई गेल्याची वार्ता आली. शिष्यांनी वर्गणी काढून नवी झोपडी बांधून दिली खरी, पण बाशोचे मन घरात रमेना. १६८४ च्या शरद ऋतूत तो पायी प्रवासाला निघाला. त्या काळी लांबचा प्रवास म्हणजे जिवाशी गाठ. वाटेत आपण मरून पडू आणि हाडे उघड्या रानात पांढरी होतील, असा विचार मनाशी पक्का करूनच तो निघाला होता.

या प्रवासातील दोन प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. फुजी नदीच्या काठी त्याला टाकून दिलेले एक मूल दिसले. तीनेक वर्षांचे ते पोर केविलवाणे रडत होते. बाशोने जवळचे खाण्याचे त्याच्यापुढे टाकले, त्याच्या दैवाला बोल लावला आणि तो पुढे गेला. हे वाचून कोणाचेही मन कळवळते, आणि त्याने ते मूल उचलून का घेतले नाही, हा प्रश्न वाचकाच्या मनातून जात नाही. पण ही हकीकत आपल्याला कळते ती बाशोच्याच लेखणीतून. त्याने ती लपविली नाही आणि स्वतःची बाजू सजवूनही मांडली नाही. जे पाहिले आणि जे केले, ते तसेच ठेवले. तीनशे चाळीस वर्षांनंतरही त्या पोराचे रडणे त्या पानातून ऐकू येते.

दुसरा प्रसंग इगा येथील. आईच्या मृत्यूनंतर सव्वा वर्षाने तो जन्मगावी पोहोचला. थोरल्या भावाने एक छोटी पिशवी त्याच्यापुढे उघडली. तीत आईचे पांढरे केस जपून ठेवलेले होते. भावंडांचे केसही आता पिकले होते. बाशो ते केस पाहून रडला, आणि त्याने एक कडवे रचले. एके काळी कोट्या करून बैठक हसविणाऱ्या कवीच्या हाती आता मूठभर पांढरे केस होते, आणि त्यांवर कोटी सुचणे शक्यच नव्हते.

यानंतर दीड-दोन वर्षांनी, १६८६ च्या वसंतात, फुकागावाच्या झोपडीत बेडूक हा विषय घेऊन एक काव्यस्पर्धा झाली. बेडकाचे नाव ऐकून हसू येईल. पण जपानी काव्यात बेडकाला सात-आठशे वर्षांपासून मानाचे स्थान होते, आणि ते त्याच्या गोड आवाजासाठी! बेडूक आला, की त्याचे गाणे यावयाचे आणि काठाला यामाबुकी नावाची पिवळी फुले यावयाची, असा जुना संकेत होता. बाशोला बेडकाच्या उडीचे आणि पाण्याच्या आवाजाचे शेवटचे दोन तुकडे आधी सुचले. पहिला तुकडा अडला होता. त्याचा हुशार शिष्य किकाकू याने पिवळी फुले सुचविली, असे दुसऱ्या एका शिष्याने लिहून ठेवले आहे. सूचना सुंदर होती, संकेताला धरूनही होती. बाशोने ती घेतली नाही. फुलांच्या जागी त्याने एक साधे, जुने तळे ठेवले. बेडकाचे गाणे तर त्याने मुळातच वगळले होते. कित्येक शतके कवी बेडकाचा आवाज वाखाणीत होते. उडीनंतर पाण्यातून जो आवाज येतो, त्याकडे कोणी कान दिला नव्हता.

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली गावच्या मुलांना हे अधिक चांगले कळेल. त्या गावाच्या नावातच चिखल आहे. मृगाचा पहिला पाऊस झाला, की शेताच्या बांधाशी आणि डबक्यांच्या काठी रात्रभर डराव डराव चालते, आणि ते ऐकण्याचे कष्ट कोणालाच पडत नाहीत. पण जुन्या विहिरीशी दुपारी कोणी नसताना एखादा बेडूक काठावरून आत उडी घेतो, तो आवाज क्षणभर होतो आणि संपतो. त्या आवाजानंतर विहीर आधीपेक्षा अधिक शांत वाटते. बाशोने जे टिपले ते यासारखेच काही.

हे कडवे जगभर गेले. १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले, तेव्हा एवढ्याशा कवितेत एवढे सामर्थ्य पाहून ते चकित झाले आणि ते कडवे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनातून बंगाली वाचकांपुढे ठेवले. मराठीत हायकू रुजविण्याचे श्रेय कवयित्री शिरीष पै यांना आहे. आचार्य अत्रे यांच्या या कन्येने (१९२९–२०१७) मराठीत शेकडो हायकू लिहिले आणि त्यांचे संग्रह प्रसिद्ध केले. जपानी भाषेतील ध्वनी आणि आपली अक्षरे तंतोतंत सारखी नसल्याने सतरांच्या मोजणीचा हट्ट त्यांनी धरला नाही. तीन लहान ओळी आणि एक पाहिलेला क्षण एवढे मात्र राखले.

ऋतूची खूण कवितेत असावी, हा नियम परक्या देशाचा वाटतो. परंतु शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या मुलाला तो मुळीच परका नाही. आपण पाऊस नक्षत्रांनी मोजतो. मृग, आर्द्रा, मघा, हस्त यांपैकी एक नाव घेतले, की आभाळ, शेत, माणसांची लगबग सारे डोळ्यांपुढे उभे राहते. चिखलीच्या परिसरात पहिल्या पावसानंतर मातीतून वर येणारे मखमली तांबडे किडे, पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना लावलेला रंग, तुरीचा पिवळा फुलोरा, कापसाची वेचणी, फाल्गुनात पेटल्यासारखा दिसणारा पळस, यांतील कोणताही एक शब्द कवितेत आला, की महिना सांगावा लागत नाही. जपानी कवींनी अशा शब्दांची कोष्टकेच तयार केली होती. बाशो ती जाणत होता; मात्र कोष्टकातून शब्द उचलून आपल्या कवितेत बसविणाऱ्याचे त्याला कौतुक नव्हते. पाइनच्या झाडाविषयी लिहावयाचे तर पाइनपाशी जाऊन शिकावे, आपले मत बाजूला ठेवावे, असे तो शिष्यांना सांगे. त्याची आणखी एक शिकवण इगा येथील दोहो या शिष्याने नोंदविली आहे. हायकाई ही तीन फूट उंचीच्या पोराकडून करवून घ्यावी, आणि नवशिक्याच्या कवितेतच खरी आशा असते, असे त्याचे म्हणणे होते. मुरलेल्या कवींना हे ऐकून कसे वाटले असेल, कोण जाणे!

१६८९ हे वर्ष महाराष्ट्राला विसरता येत नाही. त्या वर्षी ११ मार्च रोजी संभाजी महाराजांचा वध झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी, १६ मे रोजी, तिकडे दूर पूर्वेला ४५ वर्षांचा बाशो आपली झोपडी विकून सोरा नावाच्या शिष्यासह उत्तरेच्या दुर्गम प्रदेशाकडे निघाला. आपले वारकरी पंढरीला जातात तेव्हा त्यांच्याबरोबर दिंडी असते, अभंग असतात आणि वाट ठाऊक असते. या दोघांना पुष्कळ ठिकाणी वाट विचारीतच जावे लागले. सामान थोडे: थंडीसाठी कागदाचा अंगरखा, पावसाचे कपडे, शाई, कुंचले, आणि निरोप देणाऱ्यांनी प्रेमाने दिलेल्या काही वस्तू, ज्यांचे ओझे होत होते पण टाकवत नव्हत्या. सुमारे पाच महिन्यांत त्यांनी अदमासे २४०० किलोमीटर मजल मारली, बहुतेक पायी. बाशोची प्रकृती आधीच नाजूक. पोटाचा जुना विकार वाटेत बळावे. एका मुक्कामी गोठ्याशेजारी पिसवांच्या चाव्यांनी रात्र जागून काढावी लागली.

हिराइझुमी येथे पाचशे वर्षांपूर्वी फुजिवारा घराण्याचे वैभव नांदत होते. ११८९ मध्ये तेथेच योशित्सुने या प्रसिद्ध वीराचा अंत झाला आणि ते वैभवही लयास गेले. बाशो पोहोचला तेव्हा वाड्याच्या जागी गवत माजले होते. टोपी खाली घालून तो तेथे बसला आणि किती तरी वेळ रडत राहिला. चिखलीहून दक्षिणेला सिंदखेडराजा येथे जिजामातेचे जन्मस्थान, लखुजी जाधवरावांचा वाडा आहे. त्याच्या पडक्या भिंतींपाशी जो उभा राहिला असेल, त्याला बाशोच्या त्या कडव्याची पूर्वतयारी आपोआप झालेली आहे.

मात्सुशिमा या बेटांच्या सौंदर्याची कीर्ती त्याने जन्मभर ऐकली होती. ती बेटे पाहण्याची त्याला प्रवासाआधीपासून ओढ लागली होती. प्रत्यक्ष तेथे पोहोचल्यावर रात्री त्याला झोपही आली नाही. पण त्याच्या प्रवासग्रंथात त्या स्थळावर सोराचे कडवे आहे, बाशोचे नाही. एवढ्या मोठ्या कवीने एवढ्या मोठ्या दृश्यापुढे लेखणी खाली ठेवावी, याचे कित्येकांना नवल वाटते. मला ते त्या ग्रंथातील एक उत्तम पान वाटते.

पुढे यामादेरा नावाच्या डोंगरावरील देवळात तो गेला. सायंकाळची वेळ, देवळाची दारे बंद, सभोवार प्रचंड शिळा, आणि झाडांच्या खोडांवर बसून अखंड किर्रर्र करणारे उन्हाळी किडे. तेथे सुचलेल्या कडव्याची तीन रूपे आज पाहावयास मिळतात. पहिल्या रूपाचा आरंभ डोंगरावरील देवळाच्या उल्लेखाने होतो. नंतर त्याने तो शब्द काढून तेथे एकटेपणा आणला. शेवटी एकटेपणाही काढला आणि निःशब्द शांतता ठेवली. आवाज खडकाला भिडतो, हे सांगणारे क्रियापदही प्रत्येक वेळी थोडे थोडे बदलत गेले, कारण किड्यांचा तो आवाज खडकाच्या किती आत उतरतो, हे त्याला नेमके पकडावयाचे होते. सतरा अक्षरांसाठी एवढी खटपट! प्रवास पाच महिन्यांत संपला. त्याचे वर्णन लिहिण्यास व सुधारण्यास त्याला पाच वर्षे लागली. उत्तरेच्या अरुंद वाटेचे हे वर्णन १६९४ मध्ये पुरे झाले आणि त्याच्या मृत्यूनंतर, १७०२ मध्ये छापले गेले. सोरानेही वाटेत रोजनिशी ठेवली होती. ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा असे दिसून आले, की बाशोने काही प्रसंगांचा क्रम बदलला होता आणि काही गोष्टी गाळल्या होत्या. रोजनिशी लिहावी ती सोरानेच. बाशो त्या पाच महिन्यांतून एक काव्य घडवीत होता.

या प्रवासानंतर दोनेक वर्षे तो बिवा सरोवराच्या परिसरात आणि क्योतोच्या आसपास राहिला. क्योराई आणि बोन्चो या शिष्यांनी त्याच्या देखरेखीखाली १६९१ मध्ये एक संग्रह काढला. तो त्याच्या पंथातील सर्वोत्तम मानला जातो. पुढे एदोला परतल्यावर शिष्यांनी पुन्हा नवी झोपडी बांधली आणि पुन्हा केळ लावली. माणसांची गर्दी इतकी वाढली, की १६९३ मध्ये काही काळ त्याने फाटकच बंद करून घेतले. त्याच वर्षी त्याचा आजारी पुतण्या त्याच्याजवळच वारला. या शेवटच्या वर्षांत तो शिष्यांना हलकेपणा शिकवी. वाळूवरून वाहणाऱ्या उथळ ओढ्याप्रमाणे कविता असावी, तळ दिसावा, वजन जाणवू नये, असे त्याला वाटे. पुष्कळ जुन्या शिष्यांना हे पटले नाही; भारदस्त शब्द त्यांनी मोठ्या कष्टाने मिळविले होते, ते सोडावयास त्यांचे मन होईना.

१६९४ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा पश्चिमेकडे निघाला. इगाला जाऊन भावाला भेटला. ओसाकामध्ये दोन शिष्यांत तंटा झाला होता, तो मिटविण्यासाठी तो शरद ऋतूत तेथे गेला आणि पोटाच्या विकाराने अंथरुणाला खिळला. ठिकठिकाणचे शिष्य धावून आले. एका रात्री त्याने उशाशी बसलेल्या शिष्याला शाई खलावयास सांगून प्रवासाच्या ध्यासाचे एक कडवे लिहवून घेतले. तेच त्याचे अखेरचे नवे कडवे.

पण अखेरचे काम ते नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच उन्हाळ्यात कियोताकी नदीवर रचलेले एक कडवे आठवले. पाण्यावर धुळीचा कणही नाही, असा त्यात भाव होता. आजारी पडण्यापूर्वी थोडेच दिवस आधी, ओसाकातील एका शिष्येच्या घरी पांढऱ्या शेवंतीवर केलेल्या कडव्यातही धूळ नसल्याचाच भाव आला होता. एकच कल्पना दोनदा वापरली गेली, ही गोष्ट त्या क्षीण झालेल्या माणसाला बोचत राहिली. त्याने शिष्याला बोलावून कियोताकीचे कडवे बदलविले. धुळीचा उल्लेख गेला, आणि त्याच्या जागी प्रवाहात पाइनच्या हिरव्या सुया आल्या. मरणाच्या दारातही कवितेचा हा ओढा सुटत नाही, याचे त्याला स्वतःलाच वैषम्य वाटत होते.

त्यानंतर तीन दिवसांनी, २८ नोव्हेंबर १६९४ रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी बाशो मरण पावला. आपल्याला बिवा सरोवराकाठच्या गिचूजी मंदिरात ठेवावे, अशी त्याची इच्छा होती. त्याच रात्री शिष्यांनी त्याचा देह होडीत घालून योदो नदीच्या उलट्या प्रवाहाने वर नेला. ओत्सू गावी, गिचूजीच्या आवारात, त्याची समाधी आहे. त्याची सुमारे हजार कडवी आज उपलब्ध आहेत. समाधीच्या दगडावर त्यांपैकी एकही नाही. तीनच अक्षरे आहेत. पहिली दोन मिळून केळ असा अर्थ होतो, आणि तिसऱ्याचा अर्थ आहे आदरणीय म्हातारा.